अधिकारी कोणता, खुर्चीचा की विद्येचा?

प्रश्न : अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत आमचा टॉवेलांचा छोटा कारखाना आहे. जपानी खरेदीदाराला पाठवायच्या पत्रात ‘रंगाच्या पक्केपणाबाबत आम्ही या विषयातील अधिकारी व्यक्तींचा सल्ला घेतला आहे’ असे वाक्य होते. जपानी शिकणाऱ्या माझ्या मुलीने तेथे ‘केनऱ्योकुशा’ हा शब्द घातला. तिच्या शिक्षिकेने तो खोडला, पण कारण सांगण्याआधीच तास संपला. यात चूक कोणती?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : चुकीचे मूळ जपानीत नसून आपल्या मराठीत आहे. ‘अधिकारी’ या एकाच शब्दात आपण जिल्हाधिकाऱ्यांनाही बसवतो आणि ज्ञानेश्वरीवर अधिकारवाणीने बोलणाऱ्या कीर्तनकारालाही. ‘केनऱ्योकुशा’ मात्र केवळ ज्याच्या हाती सत्ता आहे त्यालाच म्हणतात आणि सत्ताधाऱ्यांवर टीका करताना तो शब्द विशेष वापरला जात असल्याने त्याला थोडी नाराजीची छटाही चिकटलेली आहे. रंग पक्का आहे की नाही हे आपण सत्ताधीशांना विचारून ठरवले, असे काहीसे ते वाक्य झाले!

आपल्या ‘अधिकारा’च्या सर्वांत जवळ येणारा शब्द ‘केन-इ’ हा आहे. दोन्ही शब्दांतील पहिले चित्राक्षर एकच. परंतु ‘केनऱ्योकु’मध्ये त्याच्यापुढे बळाचे अक्षर येते, तर ‘केन-इ’मध्ये दराऱ्याचे. म्हणूनच ‘केन-इ’ राज्यसंस्थेचे असू शकते, तसेच एखाद्या शास्त्रातील सर्वमान्य विद्वानालाही त्या क्षेत्रातील ‘केन-इ’ म्हणता येते. तरीही तुमच्या पत्रात तो नको, कारण शुल्क घेऊन सल्ला देणाऱ्या तज्ज्ञासाठी तो फारच भारदस्त होईल. तेथे ‘सेनमोनका’, म्हणजे एखाद्या विषयाचा तज्ज्ञ, हा साधा आणि निर्धोक शब्द योजावा. सरकारी समितीवर बोलावल्या जाणाऱ्या जाणकारांना ‘यूशिकिशा’ म्हणतात. त्याचा येथे संबंध नाही.

‘सेनसेइ’ हा शब्द सर्वांना ठाऊक असल्यामुळे मोह त्याचाच होतो. शिक्षक, डॉक्टर, वकील, इतकेच नव्हे तर संसद सदस्य यांनाही तो लावतात, म्हणजे खुर्ची आणि विद्या तेथे एकत्र नांदतात. पण तो आदराने दुसऱ्याला म्हणायचा असतो. आपल्याकडे कोणी स्वतःच्या नावापुढे ‘साहेब’ लावून सही करत नाही, तसेच जपानी माणूस सहसा स्वतःला ‘सेनसेइ’ म्हणत नाही. शिवाय बाहेरच्या माणसाशी बोलताना आपल्या संस्थेतील व्यक्तीसाठी आदरार्थी संबोधन न वापरण्याची जपानी रीत आहे. त्यामुळे हा सल्ला तुमच्याच डाइंग मास्टरांनी दिला असेल, तर त्यांचा कितीही मान असला तरी पत्रात त्यांना ‘सेनसेइ’ म्हणू नये. आमच्या रंगविभागातील अनुभवी तंत्रज्ञ, असेच त्यांचे वर्णन करावे.