आर्काइव्ह पेज बदलायचंय? आधी एवढं कर

अरे घाबरू नकोस, वर्डप्रेसमध्ये आर्काइव्हला (म्हणजे एखाद्या कॅटेगरीच्या किंवा प्रकारच्या पोस्टांची यादी दाखवणाऱ्या पानाला) हात लावताना सगळेच आधी गोंधळतात. पहिलं काम म्हणजे चाइल्ड थीम (मूळ थीमवरच चालणारी, पण तुझे बदल वेगळे ठेवणारी थीम) बनव, मूळ थीमच्या फाइलीत लिहिलंस तर पुढच्या अपडेटला सगळं पुसलं जाणार (माझं दोनदा गेलंय, दुसऱ्यांदा तर रडायचाच बाकी होतो).

मग कुठली फाइल चालते ते समजून घे. कॅटेगरीचं पान उघडलं की वर्डप्रेस आधी त्या कॅटेगरीच्या स्लगची (लिंकमध्ये दिसणाऱ्या नावाची) फाइल शोधतं, मग आयडीची, मग कॅटेगरी.पीएचपी, मग आर्काइव्ह.पीएचपी आणि काहीच नाही सापडलं तर इंडेक्स.पीएचपी. "मी बदल केला पण दिसतच नाही" यातल्या निम्म्या तक्रारी चुकीची फाइल उघडल्यामुळेच असतात.

आता क्वेरी, म्हणजे कुठल्या पोस्ट आणायच्या ते डेटाबेसला विचारणं. इथेच सगळे आपटतात. पानावर १० ऐवजी २० पोस्ट हव्यात किंवा क्रम बदलायचाय म्हणून टेम्प्लेटमध्ये (म्हणजे वरच्या फाइलीत) क्वेरी_पोस्ट्स हे फंक्शन टाकू नकोस, पुढच्या पानाच्या लिंका बिघडतात. त्याऐवजी चाइल्ड थीमच्या फंक्शन्स.पीएचपीमध्ये प्री_गेट_पोस्ट्स हा हुक (क्वेरी चालायच्या आधी आपला कोड जोडायची जागा) वापर, आणि त्यात या दोन गोष्टी तपासल्याशिवाय पुढे जाऊच नकोस:

- आपण ॲडमिनमध्ये तर नाही ना
- ही मेन क्वेरीच (पानाची मुख्य यादी आणणारी) आहे ना

नाहीतर मेनू, विजेट, ॲडमिनमधली पोस्टांची यादी, सगळीकडे तुझा बदल घुसतो.

कस्टम पोस्ट टाइपचं (आपण वेगळ्या बनवलेल्या पोस्ट-प्रकाराचं) आर्काइव्ह ४०४ (पान सापडलं नाही) देत असेल तर तो टाइप रजिस्टर करताना हॅज_आर्काइव्ह ट्रू ठेवलंय का बघ आणि पर्मालिंक (लिंकांच्या रचनेचं) सेटिंग एकदा नुसतं सेव्ह कर.

मेटा क्वेरी (कस्टम फील्डवरून पोस्ट निवडणं) वगैरे नंतर बघू, आधी एवढं चालव.