वाचकांचे प्रश्न : माशांच्या टाकीला कोणता फिल्टर लावावा?

प्रश्न : आमच्याकडे २ फूट लांब, १ फूट रुंद आणि सव्वा फूट उंच अशी काचेची टाकी असून तीत तीन गोल्डफिश आणि पाच-सहा गप्पी आहेत. टाकीच्या वर बसणारा टॉप फिल्टर लावलेला आहे. दर रविवारी सगळे पाणी काढून, खडी आणि फिल्टरमधला कापूस नळाखाली स्वच्छ धुऊनही दोन-तीन दिवसांत पाणी दुधाळ होते, आणि गेल्या तीन महिन्यांत चार मासे दगावले. दुकानदार कॅनिस्टर घ्यायला सांगतात, शेजारी म्हणतात की स्पंज फिल्टर पुरेसा आहे. कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : फिल्टरच्या निवडीकडे वळण्याआधी रविवारच्या धुण्याविषयी लिहिणे भाग आहे, कारण मासे दगावण्याचे मूळ तिथेच असावे असे आपल्या पत्रावरून दिसते. मासे मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. उरलेले खाद्य आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच तयार होतो. तो पाण्यात अगदी थोडा असला तरी माशांचे कल्ले जाळतो. स्थिरावलेल्या टाकीत जिवाणूंचा एक गट या अमोनियाचे नायट्राइटमध्ये आणि दुसरा गट नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतो. नायट्राइटही विषारीच असते, नायट्रेट मात्र त्या मानाने पुष्कळ सौम्य असते आणि थोडे पाणी बदलत राहिल्यास आटोक्यात राहते. हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. ते खडीवर, काचेवर आणि सर्वाधिक संख्येने फिल्टरमधल्या कापसावर व स्पंजवर चिकटून वाढतात, आणि त्यांची पुरेशी वस्ती जमायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. नगरपालिकेच्या नळाच्या पाण्यात क्लोरिन असतो, आणि तो जंतू मारण्यासाठीच घातलेला असतो. त्या पाण्याखाली कापूस धुतला की ही वस्ती दर रविवारी उद्ध्वस्त होते, आणि सोमवारपासून आपले मासे नव्या, कच्च्या टाकीत राहू लागतात. दोन दिवसांनी दिसणारा दुधाळपणा हा बहुधा घडी विस्कटलेल्या टाकीत अचानक वाढणाऱ्या दुसऱ्याच, तरंगत्या जिवाणूंचा असतो. त्यावर पुन्हा सगळे पाणी बदलले की तेच चक्र नव्याने सुरू होते.

यापुढे आठवड्याला साधारण पाव टाकी पाणी बदलावे, नव्या पाण्यात क्लोरिन मारणारे थेंब आधी मिसळावेत, आणि टाकीतून काढलेल्या पाण्याच्या बादलीतच कापूस किंवा स्पंज दोन-तीनदा हलकेच पिळावा. बादलीतले पाणी काढ्यासारखे तपकिरी होईल आणि स्पंज मळकटच दिसेल. तो तसाच परत बसवावा, पांढरा करण्याचा मोह धरू नये. निरोगी स्पंजला पावसाने भिजलेल्या मातीसारखा वास येतो, आणि काही दिवसांत हा वास आपल्या ओळखीचा होईल.

आता फिल्टरांविषयी. आपल्या टाकीत काठोकाठ भरल्यास सुमारे ७० लिटर पाणी मावते. खडी आणि वरची मोकळी जागा वजा केली तर ६० लिटर धरावे. तासाला टाकीच्या चार ते सहा पट पाणी फिल्टरमधून जावे असा ढोबळ नियम आहे, म्हणजे आपल्याला तासाला २४० ते ३६० लिटरचा प्रवाह हवा. खोक्यावर छापलेला आकडा फिल्टर रिकामा असताना मोजलेला असतो, आणि कापूस भरल्यावर व तो तुंबू लागल्यावर प्रवाह बराच खाली येतो, हे लक्षात ठेवूनच आकडा वाचावा.

आपल्याकडे असलेला टॉप फिल्टर वाईट नाही. त्याचा पंप पाणी वरच्या ट्रेमध्ये चढवतो, ते कापसातून झिरपून खाली पडते आणि पडताना हवा घेऊन येते. गोल्डफिशसारख्या भरपूर खाणाऱ्या व तितकीच घाण करणाऱ्या माशांची विष्ठा तो चटकन पकडतो, आणि हात ओले न करता साफही होतो. त्याची उणीव इतकीच की ट्रेमध्ये सहसा नुसता कापूस असतो. पाणी आधी कापसातून आणि मग खालच्या सिरॅमिक रिंगमधून (भाजलेल्या मातीच्या सच्छिद्र कड्यांमधून) जाईल अशी रचना केल्यास कचरा वर अडकतो आणि जिवाणूंना खाली कायमची जागा मिळते. रिंग महिनोन् महिने धुवाव्या लागत नाहीत. कापूस फाटला तर खुशाल बदलावा, मात्र त्याच आठवड्यात रिंगना हात लावू नये.

स्पंज फिल्टरविषयी आपल्या शेजाऱ्यांचे मत बरोबर आहे, पण अर्धेच. एअर पंपातून आलेले बुडबुडे नळीतून वर चढताना पाणी सोबत ओढतात आणि ते पाणी सावकाश स्पंजमधून झिरपत येते. पाण्यात बुडालेला, बिघडण्याजोगा एकही फिरता भाग त्यात नसतो. गप्पींची पिल्ले त्यात ओढली जात नाहीत, उलट स्पंजवरचे सूक्ष्म जीव टिपत ती दिवसभर त्याच्याभोवती फिरतात, आणि हे पाहणे मोठे सुखाचे असते. फायटर, गप्पी, मॉली अशा लहान माशांच्या टाकीसाठी मी पहिले नाव स्पंजचेच घेईन. गोल्डफिशचा जाड कचरा उचलण्याइतकी ओढ मात्र त्यात नसते.

टाकीच्या काठावर अडकवायचा हँगिंग फिल्टर दिसायला नेटका असून काम टॉप फिल्टरसारखेच करतो. टाकीच्या आत बुडवायचा पॉवर फिल्टर जोरदार असतो, पण त्याचा स्पंज लहान असल्याने तो लवकर तुंबतो, आणि फायटरसारखा लांब परांचा मासा त्या प्रवाहात थकून जातो.

कॅनिस्टर हा टाकीखाली ठेवायचा बंद डबा. त्यात जिवाणूंसाठी भरपूर जागा असते, आवाज नसतो, आणि पाण्याचा पृष्ठभाग फारसा न ढवळता पाणी फिरवता येत असल्याने वनस्पतींच्या टाकीत विरघळवलेला कार्बन डायऑक्साइड टिकून राहतो. तीन-चार फुटांच्या टाकीला तो शोभतो. परंतु नळ्या सोडवून डबा उघडणे कष्टाचे असल्यामुळे त्याची सफाई लांबणीवर पडते, आणि आत अडकलेली घाण डोळ्यांना दिसली नाही तरी त्याच पाण्यात कुजत राहते. आपल्या टाकीसाठी तो खर्च करू नये. आहे तो टॉप फिल्टर ठेवावा, त्यात रिंग भराव्यात आणि जोडीला एक स्पंज फिल्टर लावावा. गोल्डफिश मात्र वाढले की वीतभर होतात. ६० लिटरमध्ये तीन गोल्डफिश कोणताही फिल्टर फार काळ सांभाळू शकणार नाही, म्हणून मोठ्या टाकीचा किंवा मासे कमी करण्याचा विचार आतापासूनच करावा.

प्रश्न : आमच्या गावी पावसाळ्यात वीज सहा-सात तास जाते. कॅनिस्टर पुन्हा सुरू झाला की पाण्याला सडल्यासारखा वास येतो. काय चुकते?
— एक वाचिका, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : बंद डब्यातल्या जिवाणूंना वाहत्या पाण्यातून प्राणवायू मिळतो. प्रवाह थांबला की डब्यातला प्राणवायू ते काही तासांत संपवतात, मग ते मरू लागतात आणि डब्यात सडलेल्या अंड्यासारखा वास धरतो. वीज आल्यावर ते पाणी थेट टाकीत जाऊ देणे सर्वांत धोक्याचे आहे. आधी डब्यातले पाणी ओतून द्यावे, आतला स्पंज व रिंग टाकीच्या पाण्यात विसळाव्यात आणि नंतरच फिल्टर सुरू करावा. वीज लवकर येणार नाही असे दिसले तर डबा उघडून स्पंज व रिंग सरळ टाकीतच ठेवाव्यात, खाद्य बंद ठेवावे आणि अधूनमधून तांब्याने टाकीतलेच पाणी उचलून उंचावरून ओतावे, म्हणजे हवा मिसळते. याहून चांगला उपाय म्हणजे बॅटरीवर चालणारा एअर पंप आणि एक स्पंज फिल्टर कायमचा लावून ठेवणे; लहान एअर पंपाला इतकी थोडी वीज लागते की घरच्या इन्व्हर्टरवर तो बराच वेळ चालतो. पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवावा किंवा नळीत पाणी उलटे येऊ न देणारा लहान व्हॉल्व्ह बसवावा, नाहीतर वीज गेल्यावर टाकीतले पाणी नळीतून पंपात आणि तिथून घरात उतरते.

प्रश्न : जुन्या टाकीत खडीखाली जाळीचा अंडरग्रॅव्हल फिल्टर आहे. तो काढून टाकावा का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : पाणी स्वच्छ असून मासे ठणठणीत असतील तर घाई नको. काढायचाच असेल तर आधी स्पंज फिल्टर जोडीला लावून सहा आठवडे दोन्ही चालू द्यावेत, कारण सध्या टाकीचे बहुतेक जिवाणू त्या खडीतच आहेत. नंतर मासे झाकणाच्या बादलीत काढावेत, बादलीत टाकीचेच पाणी घेऊन एअर पंपाची नळी सोडावी, आणि मगच जाळी उचलावी; वर्षानुवर्षे खाली साचलेला काळा गाळ एकदम वर येतो आणि त्या पाण्यात मासे क्षणभरही ठेवू नयेत. गाळ सायफनने ओढून घ्यावा, खडीही टाकीच्याच पाण्यात धुवावी, आणि पाणी नितळ झाल्यावर स्पंज फिल्टर सुरू करून मासे परत सोडावेत.