शत्रूला 'आपला आज्ञाधारक सेवक' लिहावं का?

तुमचा प्रश्न असा: अमेरिकेच्या यादवी युद्धातली काही पत्रं तुम्ही मराठीत आणताय. फोर्ट डोनल्सन किल्ल्याच्या पत्रात उत्तरेचा सेनानी ग्रँट समोरच्या, म्हणजे दक्षिणेच्या, सेनापतीला शरण यायला सांगतो आणि सही करताना स्वतःला त्याचाच 'ओबिडिअंट सर्व्हंट' म्हणवतो. हा उपरोध आहे का? मराठीत 'आपला आज्ञाधारक सेवक' लिहिलं तर चालेल का? आणि राष्ट्राध्यक्ष लिंकनच्या 'युअर्स ट्रूली'चं काय करायचं?

उपरोध अजिबात नाही. 'आज्ञाधारक सेवक' मात्र लिहू नका. माझ्या मते तिथे 'आपला नम्र' हवं.

आधी ते पत्रच जवळून पाहू. १६ फेब्रुवारी १८६२. टेनेसीत कंबरलँड नदीच्या काठावरचा किल्ला. दक्षिणेचे दोन वरिष्ठ सेनानी, फ्लॉइड आणि पिलो, रातोरात निसटले आणि मागे राहिलेल्या बकनरवर शरणागतीची बोलणी करायची वेळ आली. त्याने अटी ठरवण्यासाठी प्रतिनिधी नेमावेत आणि तोवर लढाई थांबवावी असं सुचवलं. ग्रँटचं उत्तर दोन-तीन ओळींचं आहे. त्यातला गाभा: 'बिनशर्त आणि ताबडतोब शरणागतीखेरीज कोणत्याही अटी मान्य करता येणार नाहीत. मी ताबडतोब तुमच्या तटबंदीवर चालून येण्याच्या बेतात आहे.' 'ताबडतोब' दोनदा आलाय, मुळातही तसाच आहे. एकदा 'तत्काळ' आणि एकदा 'त्वरित' असं करण्याचा मोह टाळा. त्याखाली लगेच: 'आय ॲम, सर, व्हेरी रिस्पेक्टफुली, युवर ओबिडिअंट सर्व्हंट.' मुळात हे शब्द पुरते लिहिलेलेही नाहीत. 'ओबिडिअंट'ची तीनच अक्षरं ठेवलीत, 'सर्व्हंट'चीही मधली अक्षरं गाळलीत.

बकनरचं उत्तरही वाचा. आदल्या दिवशी आपल्या सैन्याने मोठं यश मिळवलं होतं याची आठवण देऊन तो म्हणतो की, असं असूनही तुमच्या या अनुदार आणि वीराला न शोभणाऱ्या अटी मान्य करणं मला भाग आहे. इतकं टोचून बोलल्यावर सही करताना तोही 'आपला अत्यंत आज्ञाधारक सेवक'च! उपरोध असता तर तो एकाच बाजूने असता. इथे मारणाराही सेवक आणि मार खाणाराही सेवक. दोघे वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीचे विद्यार्थी, जुने ओळखीचे. १८५४ मध्ये लष्कर सोडून परतणाऱ्या ग्रँटची न्यूयॉर्कमध्ये पैशांची ओढाताण झाली, तेव्हा मदतीला आला तो हाच बकनर. पुढे १८८५ मध्ये ग्रँटच्या अंत्ययात्रेत शवपेटीच्या मानकऱ्यांत बकनर होता. हे कळल्यावर ते पत्र मला जास्तच लागतं. पण सहीवरच्या ओळीत या मैत्रीचा मागमूस शोधू नये. ती ओळ ते कोणालाही लिहीत.

आमच्या घरी आजोबांच्या पत्रांची एक तार होती, आलेलं पत्र वाचून झालं की तिच्यात ओवायचं. त्यात किराणा दुकानदारापासून वकिलापर्यंत सगळे 'रा. रा.' होते. राजमान्य राजेश्री! कुठल्या राजाने त्या दुकानदाराला मान दिला होता? शेताच्या बांधावरून ज्या चुलतभावाशी वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं, त्याच्या पत्रावरही 'स. न. वि. वि.' आहेच. सप्रेम नमस्कार, आणि पुढच्याच ओळीत मोजणीची तारीख. हे लिहिताना आजोबा खोटं बोलत नव्हते की टोमणाही मारत नव्हते. पत्र असंच सुरू होतं, एवढंच. शब्द आद्याक्षरांपुरता उरला की त्याचा मूळ अर्थ लिहिणाऱ्याच्या मनात नसतो, ही खूण दोन्ही भाषांत सारखी आहे.

मग 'आज्ञाधारक सेवक'ला माझी हरकत का? कारण मराठीत 'आज्ञाधारक' अजून जिवंत आहे आणि त्याला दिशा आहे, खालून वर. 'आपला आज्ञाधारक विद्यार्थी' मुख्याध्यापकांना लिहितात, अर्जदार साहेबांना लिहितो. मुख्याध्यापक विद्यार्थ्याला तसं लिहीत नाहीत. आपली जुनी पत्रंही ही उतरंड कसोशीने पाळतात. वडीलधाऱ्याला किंवा धन्याला लिहिताना 'सेवेसी श्रुत होय हे विज्ञापना'. धन्याकडून चाकराला जाताना नुसतं 'जाणिजे'. बरोबरीच्याला 'बहुत काय लिहिणे, लोभ असो दीजे हे विनंति'. शेवटची ओळ झाकून ठेवली तरी मायन्यावरून कोण थोर, कोण धाकटा ते कळतं. अमेरिकन पत्रात ही सोय नाही. वॉशिंग्टन आपल्या हाताखालच्या अधिकाऱ्यालाही 'मोस्ट ओबिडिअंट सर्व्हंट' म्हणूनच सही करतो. ग्रँटने बकनरला 'आपला आज्ञाधारक सेवक' लिहिलेलं मराठी वाचक वाचेल तेव्हा तो एक तर हसेल किंवा शरण कोण आलं याचाच त्याला घोळ होईल. मुळात नसलेला अर्थ अनुवादाने आत सोडला, असं ते होईल.

'आपला नम्र' वरच्याला चालतं, बरोबरीच्याला चालतं, अनोळख्याला चालतं, आणि वाचणारा त्यावर थबकत नाही. 'सादर, आपला नम्र, यू. एस. ग्रँट.' अठराव्या शतकातल्या पत्रांत, जिथे 'हंबल' हा शब्द मुळातच जोडीला असतो, तिथे 'आपला नम्र सेवक' करा. थोडा जुना वासही येतो.

पण म्हणून मायना आणि सही म्हणजे सगळं निर्जीवच, असं धरून चालू नका. जुलै १७७६, अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध. ब्रिटिश आरमाराचा प्रमुख लॉर्ड हाऊ याच्याकडून अमेरिकन सेनापती वॉशिंग्टनसाठी पत्र आलं. वर नाव होतं 'जॉर्ज वॉशिंग्टन, एस्क्वायर', म्हणजे आपल्या 'श्रीयुत'सारखं. जनरल हा हुद्दा नव्हता, कारण तो लिहिला तर बंडखोरांचं सैन्य मान्य केल्यासारखं झालं असतं. वॉशिंग्टनच्या माणसांनी पत्र घेतलंच नाही. मग नावापुढे तीनदा 'एटसेटरा' जोडून पत्र आलं. पॅटरसन नावाचा ब्रिटिश अधिकारी समक्ष येऊन समजावू लागला की या 'वगैरे वगैरे वगैरे'त सगळं येतं. वॉशिंग्टनचं म्हणणं असं: सगळं येतं हे खरं, पण त्यात काहीही येऊ शकतं. पत्र परत गेलं. मराठीत इथे 'इत्यादी' नको, 'वगैरे'च हवं. 'वगैरे'त तो किंचित हलकेपणा आयताच मिळतो आणि वॉशिंग्टनला काय खटकलं ते वेगळं सांगावं लागत नाही.

त्याच लढ्यातला अमेरिकन नेता बेंजामिन फ्रँकलिन याचं एक पत्र तुमच्या यादीत नाही, ते जरूर घ्या. ५ जुलै १७७५ चं, लंडनचा मुद्रक आणि पार्लमेंटचा सभासद विल्यम स्ट्रॅहन याला लिहिलेलं. जुना स्नेही. पत्राचा शेवट असा: 'तुम्ही आणि मी दीर्घकाळ मित्र होतो. आता तुम्ही माझे शत्रू आहात, आणि मी आहे, आपला, बी. फ्रँकलिन.' सहीवरचा झिजलेला 'युअर्स' त्याने मागच्या वाक्याला सांधला आणि 'तुमचा शत्रू' असा अर्थ पुन्हा जिवंत केला. इथे 'आपला नम्र' केलंत तर सगळं गेलं. नुसतं 'आपला' ठेवा. मराठीत तर 'आपला' म्हणजे परका नव्हे तो, जवळचा. म्हणून हे वाक्य मराठीत मुळापेक्षा किंचित जास्तच बोचतं, असं मला वाटतं. फ्रँकलिनने हे पत्र पाठवलं नाही.

हॅमिल्टन आणि बर या दोन अमेरिकन राजकीय पुढाऱ्यांची १८०४ ची पत्रं तर शब्दचर्चेची आवड असणाऱ्याने मुळातून वाचावीत. हॅमिल्टनने आपल्याबद्दल 'याहूनही तिरस्करणीय' मत व्यक्त केलं, असं छापून आलेलं बरने वाचलं आणि १८ जूनला जाब विचारला. तेव्हा तो देशाचा उपाध्यक्ष होता. हॅमिल्टनने उत्तरात त्या शब्दांचाच कीस काढला: या शब्दप्रयोगाला अगणित छटा आहेत, त्यातली कोणती धरायची? बरने कळवलं की शब्द व्याकरणाला धरून वापरला की नाही हा प्रश्नच नाही. ११ जुलैला न्यू जर्सीतल्या वीहॉकनला दोघे द्वंद्वासाठी पिस्तुलं घेऊन समोरासमोर आले आणि गोळी लागलेला हॅमिल्टन दुसऱ्या दिवशी वारला. या पत्रांच्या तळाशीही तेच 'ओबिडिअंट सर्व्हंट' आहे. इथे मी 'आपला नम्र सेवक' ठेवीन. रीत शेवटपर्यंत पाळली गेली, हे वाचकाला दिसायला हवं.

आता लिंकन. 'युअर्स व्हेरी ट्रूली'ला 'आपला विश्वासू' पुरेसं आहे. 'स्नेहांकित' घालू नका. १३ जुलै १८६३ च्या ग्रँटला लिहिलेल्या पत्राची सुरुवातच अशी आहे की आपण दोघे प्रत्यक्ष कधी भेटल्याचं मला आठवत नाही. न भेटलेल्याला स्नेहांकित कसं लिहिणार? मिसिसिपी नदीवरचं दक्षिणेचं व्हिक्सबर्ग ४ जुलैला ग्रँटच्या हाती पडलं होतं. लिंकन सांगतो की तुम्ही नदीने खाली जाऊन आपल्याच बाजूच्या जनरल बँक्सला मिळावं असं मला वाटत होतं, आणि बिग ब्लॅक नदीच्या पूर्वेने तुम्ही उत्तरेकडे वळलात तेव्हा ती चूक आहे अशी मला भीती वाटली. शेवटच्या वाक्यात तो आपलीच चूक झाली हे वैयक्तिकरीत्या कबूल करतो. तुमच्या मसुद्यात ते 'तुम्ही बरोबर होतात आणि मी चुकीचा होतो' असं आलंय. 'मी चुकीचा होतो' असं म्हणून मराठी माणूस कबुली देत नाही. 'तुमचं बरोबर होतं, माझं चुकलं' असं करा. खाली 'आपला विश्वासू, ए. लिंकन', बस.