वावर विकायच्या आधी बोंडअळी शोध

भाऊ, अकोल्याला बायोटेकमध्ये बीएस्सी झालं, आता जर्मनीत बायोइन्फॉर्मॅटिक्सची (म्हणजे जीवशास्त्राची माहिती संगणकावर तपासायची) एमएस्सी करायची, बाबा दोन एकर विकायला तयार आहेत, तर यावं का, असं तू विचारलंस. मी दारव्ह्याकडचा, सहा वर्षं झाली फ्रायबुर्गला आहे. ये, पण वावर आत्ताच विकू नको.

हे काम तुला आवडतं का, ते गावात बसूनच कळेल. आम्ही इथे वापरतो तेच सिक्वेन्स, म्हणजे जनुकांतल्या नि प्रोटीनमधल्या अक्षरांच्या ओळी, एनसीबीआय या अमेरिकेच्या सरकारी संकेतस्थळावर फुकट आहेत. गणित त्यांच्या सर्व्हरवर होतं, तुला मोबाईलचा हॉटस्पॉट पुरतो. आपल्या पऱ्हाटीवरची, म्हणजे कपाशीवरची, गुलाबी बोंडअळीच घे, शास्त्रीय नाव पेक्टिनोफोरा गॉसिपिएला. तिच्या कॅडहेरिन प्रोटीनचा सिक्वेन्स काढ. बीटी कपाशीतलं क्राय-१-एसी हे अळी मारणारं विष अळीच्या आतड्यात या प्रोटीनला चिकटतं. त्याच्या जनुकात बिघाड असला की विष नीट धरत नाही आणि अळी आरामात बोंड पोखरते. (बाबांच्या फवारणीचा खर्च अमिनो आम्लांच्या ओळीत असा दिसतो.) तो सिक्वेन्स ब्लास्टमध्ये, म्हणजे एनसीबीआयच्या जुळणारे सिक्वेन्स शोधणाऱ्या साधनात, टाक, दुसऱ्या अळ्यांची कॅडहेरिनं वर येतील. मग ई-व्हॅल्यू बघ. इतकी चांगली जुळणी निव्वळ योगायोगाने किती वेळा सापडली असती, त्याचा तो अंदाज. डेटाबेस मोठा झाला की तीच जुळणी असूनही हा आकडा वाढतो. का वाढतो, ते बाबांना समजावता आलं तर पुढचा विचार कर.

लॅपटॉपवर लिनक्स आत्ताच टाक. पहिल्या महिन्यात माझे दोन दिवस एका यादीत गेले. विंडोजच्या नोटपॅडमध्ये केलेली जनुकांची नावं लिनक्सवर नेली, तर एकही जुळेना. विंडोज प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारं चिन्ह जास्तीचं टाकतं, ते मला कोणी सांगितलंच नव्हतं. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषाही थोडी हाताखालून जाऊ दे.

आता पैसा. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही, पण फ्रायबुर्ग ज्यात आहे त्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपियन युनियनबाहेरच्या आपल्यासारख्यांना सत्राला १,५०० युरो पडतात. मी नेमका तिथेच येऊन पडलो. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (एकदम पैसे काढता येत नाहीत असं खातं) वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, पण ते तुझेच असतात, महिन्याला ९९२ असे परत मिळतात. म्हणून आधी बँकेचं शैक्षणिक कर्ज विचार. एपीएसचं (भारतातल्या पदव्या तपासणारं जर्मन कार्यालय) प्रमाणपत्र लवकर काढ, नोव्हेंबर २०२२ पासून व्हिसाला ते लागतं.

कॅडहेरिनची अलाइनमेंट, म्हणजे सापडलेले सिक्वेन्स एकाखाली एक जुळवून मांडणं, झाली की फाईल मला पाठव. रविवारी बघतो. आमच्याकडे संध्याकाळ म्हणजे तुमच्याकडे रात्र, लाईन असली तर बोलू.