राज्यपाल बाहेरगावी असताना अधिकार कोणाकडे?

प्रश्न : राज्यपाल परराज्यात किंवा परदेशात असतील, तर तेवढ्या काळापुरते राज्याचे कार्यकारी अधिकार मुख्यमंत्र्यांकडे जातात की उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींकडे? हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत आमच्या कट्ट्यावर यावरून दोन तट पडले.
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : दोन्ही तट चुकले, असे नाइलाजाने सांगावे लागते. राज्यपाल मुंबईत असोत, नागपुरात असोत की परदेशात, संविधानाच्या अनुच्छेद १५४ प्रमाणे राज्याचा कार्यकारी अधिकार त्यांच्याच ठायी असतो आणि तो त्यांनी स्वतः किंवा हाताखालच्या अधिकाऱ्यांमार्फत वापरायचा असतो. कोणताही शासन निर्णय हाती आला, तर त्याचा शेवट पाहावा : ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ ही ओळ, आणि तिच्याखाली सही मात्र उपसचिवांची किंवा अवर सचिवांची. निर्णय मंत्र्यांचा, नाव राज्यपालांचे आणि सही अधिकाऱ्याची अशी रीत असल्यामुळे राज्यपाल चार दिवस बाहेर गेले म्हणून कारभार अडत नाही. विधेयकाला अनुमती देणे किंवा अध्यादेश काढणे यासाठी मात्र त्यांचीच सही हवी. तिथे मुख्यमंत्र्यांची चालत नाही.

पदच रिकामे झाले, तर गोष्ट वेगळी. राष्ट्रपतींच्या जागी उपराष्ट्रपती येतात, तसा राज्यपालांचा ठरलेला बदली माणूस संविधानात नाही. अनुच्छेद १६० ने ती सोय राष्ट्रपतींवर सोपवली आहे. पूर्वी अशा वेळी राष्ट्रपती पुष्कळदा मुख्य न्यायमूर्तींनाच हे काम देत, आपल्या कट्ट्यावरील समजुतीचे मूळ बहुधा त्यात असावे. अलीकडे दुसऱ्या राज्याच्या राज्यपालांकडे अतिरिक्त कार्यभार दिला जातो. सी. पी. राधाकृष्णन उपराष्ट्रपती झाल्यावर सप्टेंबर २०२५ मध्ये गुजरातचे राज्यपाल आचार्य देवव्रत यांनी महाराष्ट्राचा कार्यभार घेतला, तो असाच. त्यासाठीही अनुच्छेद १५९ प्रमाणे शपथ घ्यावीच लागते.

ही सोय लांबली की अडचण होते, असे आमचे मत आहे. महाराष्ट्राचे तत्कालीन राज्यपाल विद्यासागर राव यांच्याकडे सप्टेंबर २०१६ पासून वर्षाहून अधिक काळ तमिळनाडूचाही कार्यभार होता, आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये तिथे मुख्यमंत्रिपदाचा पेच उभा राहिला तेव्हा राज्यपाल चेन्नईला येणार केव्हा, हाच वादाचा विषय होऊन बसला. तमिळनाडूला पूर्णवेळ राज्यपाल मिळाले ते ऑक्टोबर २०१७ मध्ये, आणि ते होते आपल्या नागपूरचे माजी खासदार बनवारीलाल पुरोहित.