तुमचे प्रश्न : सापळ्यातला गंध आणि बाळंतिणीचा पान्हा

प्रश्न : पऱ्हाटीत गुलाबी बोंडअळीचे कामगंध सापळे लावले, पण पतंग चार-दोनच सापडतात. पोरगा म्हणतो, असाच 'फेरोमोन' (कामगंध) घातलेलं माणसांचं अत्तर मोबाइलवर नऊशे रुपयांत मिळते. खरंच चालते काय?
— एक कापूस उत्पादक, राळेगाव तालुका

उत्तर : आधी सापळ्याचं पाहू. किडीवर नजर ठेवायला एकरी दोन सापळे पुरतात. सापळा पिकाच्या शेंड्याहून फूट-दीड फूट वर हवा. पऱ्हाटी वाढली की तोही काठीवर वर सरकवावा लागतो, आणि नेमकं हेच राहून जातं. मग सापळा पानांत बुडतो नि गंध वाऱ्यावर पसरत नाही. आतली गोळी, म्हणजे ल्यूर, पाकिटावरच्या मुदतीत बदला. साधारण तीन-चार आठवडे धरा. अमेरिकन बोंडअळीची गोळी हाताळलेल्या किंवा तंबाखू मळलेल्या बोटांनी ती लावू नका. एवढं करूनही पतंग कमीच असतील, तर ती चांगली बातमी आहे. सलग तीन रात्री दर सापळ्यात रोज रात्री आठ किंवा जास्त पतंग आले, तर मात्र उपाय लगेच हाती घ्या. डोमकळ्या, म्हणजे आत अळी असलेली, पाकळ्या मिटून राहिलेली फुलं, रोज पाहाच.

सापळ्यात येतात ते फक्त नर. मादीच्या गंधासारखा गंध आला की नराला दुसरं काही सुचत नाही, तो वाऱ्याच्या उलट दिशेनं उडत येतो. असा पहिला गंध 1959 साली बुटेनांट या जर्मन शास्त्रज्ञानं रेशीमकिड्याच्या पाच लाख माद्यांपासून वेगळा काढला.

माणसात असं ओढून आणणारं एकही द्रव्य आजवर सिद्ध झालेलं नाही. अशा अत्तरांत बहुधा अँड्रोस्टेनोन असतं. ते नर डुकराच्या लाळेतलं द्रव्य; त्याच्या वासानं माजावरची डुकरीण जागच्या जागी उभी राहते. माणसांपैकी काहींना तोच वास मुताचा लागतो, काहींना गोडसर, काहींना येतच नाही. अनेक प्राण्यांच्या नाकात असले गंध टिपणारा वेगळा अवयव असतो. आपल्यात त्याची फक्त खूण उरली आहे, मेंदूकडे जाणारी तार नाही. नऊशे रुपये वाचवा.

प्रश्न : सून बाळंत होऊन आठ दिवस झाले. घरी पाहुण्यांची गर्दी आहे, पान्हा नीट फुटत नाही. आमची गायही अनोळखी माणूस बसला की दूध चोरते. सुनेचं तसंच असंल का?
— सासूबाई, आर्वी तालुका

उत्तर : तुमचं निरीक्षण अगदी नेमकं आहे. दूध तयार करतं प्रोलॅक्टिन आणि बाहेर सोडतं ऑक्सिटोसिन; ही दोन्ही शरीरातली संप्रेरकं (हार्मोन). वासरू ढुसण्या देतं किंवा बाळ ओढतं, तेव्हा मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटतं आणि मिनिटभरात पान्हा येतो. भीती, वेदना, संकोच असेल तर अॅड्रिनॅलिन हे ताणाचं संप्रेरक वाढतं आणि पान्हा अडतो. दूध आटलेलं नसतं, अडकलेलं असतं. म्हणून 'तुझ्या अंगावर दूधच नाही' हे वाक्य घरात कुणी उच्चारू नये. त्या वाक्यानंच पान्हा आणखी अडतो.

पाहुण्यांना ओसरीवर बसवा. सुनेला आतल्या खोलीत पाठीला टेकू देऊन बसवा, कोमट ओलं फडकं पाच मिनिटं छातीवर ठेवा, बाळाला उघड्या अंगानं तिच्या अंगाशी द्या. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजू द्या. रात्रीचं पाजणं चुकवू नका, प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं. डब्याचं दूध परस्पर सुरू केलं तर बाळ कमी ओढतं आणि दूध खरंच कमी होतं.

बाळ दिवसाला सहापेक्षा कमी वेळा लघवी करत असेल, सुस्त पडत असेल किंवा ओढतच नसेल, तर घरच्या उपायांवर थांबू नका. आशाताईंना घेऊन त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठा.

आणि गायीला पान्ह्यासाठी इंजेक्शन टोचत असाल तर ते बंद करा; 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं तो गुन्हा आहे. गोठ्यात रोज तोच माणूस, तीच वेळ ठेवा, वासरू आधी लावा, आणि पान्हा आल्यावर सहा-सात मिनिटांत धार संपवा, कारण ऑक्सिटोसिनचा जोर तेवढाच वेळ टिकतो.