ब्रिटनमधल्या लॉर्डला बापाकडून आलेली पदवी नको असेल, तर ती नाकारता येते का?

येते, पण फक्त 31 जुलै 1963 पासून. त्याआधी वडील गेले की उमरावपद आपसूक मोठ्या मुलाच्या गळ्यात पडायचं. तुमची संमती कुणी विचारायचं नाही. आणि ते पडलं की हाउस ऑफ कॉमन्सची, म्हणजे निवडून येणाऱ्या कनिष्ठ सभागृहाची, खासदारकी संपली.

हे बदललं ते टोनी बेन नावाच्या माणसाच्या हट्टामुळे. या घराण्याबद्दल बोलायला मला आवडतं, तेव्हा थोडं पाल्हाळ चालवून घ्या.

टोनीचे वडील विल्यम वेजवुड बेन म्हणजे 1929 ते 1931 या काळातले भारतमंत्री. मिठाचा सत्याग्रह आणि पहिली गोलमेज परिषद त्यांच्याच कारकिर्दीत झाली. 1931 मध्ये गांधीजी लंडनला गेले तेव्हा सहा वर्षांचा टोनी त्यांना भेटला होता. पुढे 1942 मध्ये, युद्ध चालू असताना, मजूर पक्षाला वरिष्ठ सभागृहात, म्हणजे हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, माणसं हवी होती. तहहयात पदवीची सोय तेव्हा नव्हती (ती 1958 मध्ये आली), म्हणून वडिलांना वंशपरंपरागतच घ्यावी लागली: व्हायकाउंट स्टॅन्सगेट. घेण्याआधी त्यांनी थोरल्या मायकेलला विचारलं. त्याला धर्मोपदेशक व्हायचं होतं, त्याची हरकत नव्हती. पण मायकेल हवाई दलात गेला आणि 1944 मध्ये मरण पावला. वारसा धाकट्याकडे सरकला.

टोनी 1950 पासून ब्रिस्टल साउथ ईस्टचा मजूर पक्षाचा खासदार. नोव्हेंबर 1960 मध्ये वडील वारले आणि त्याच दिवशी त्याची जागा गेली. मे 1961 च्या पोटनिवडणुकीत गडी पुन्हा उभा राहिला आणि 13,000 हून अधिक मतांनी निवडूनही आला! सभागृहाच्या दारातच अडवला. निवडणूक न्यायालयाने जागा दिली हरलेल्या हुजूर उमेदवाराला, माल्कम सेंट क्लेअरला. गंमत म्हणजे हा सेंट क्लेअरसुद्धा एका उमरावपदाचा संभाव्य वारस. तरी माणूस शब्दाचा पक्का निघाला. कायदा बदलला तर जागा सोडेन असं तो म्हणाला होता; कायदा झाल्यावर त्याने ती सोडली आणि ऑगस्ट 1963 मध्ये बेन परत निवडून आला. कायदा मंजूर झाला त्याच संध्याकाळी पदवी सोडणारा पहिला माणूसही तोच.

फायदा मात्र सगळ्यात मोठा विरोधकांनी उचलला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लॉर्ड होम हुजूर पक्षाचे पंतप्रधान झाले आणि लगेच त्यांनी याच कायद्याने पदवी सोडली.

कायद्यातली खरी मेख मात्र वेगळी आहे. पदवी वारशाने आल्यावर साधारणपणे 12 महिन्यांत (खासदार असाल तर महिन्याभरात) सोडावी लागते, आणि सोडता येते ती स्वतःपुरतीच. पदवी मरत नाही, फक्त निजते. तुम्ही गेलात की ती तुमच्या मुलाकडे जाते.

बेनच्या बाबतीत तेच झालं. त्याची बायको कॅरोलिन अमेरिकन, सिनसिनाटीची. ऑक्सफर्डला भेट झाल्यावर नऊच दिवसांनी त्याने एका बाकावर बसून तिला लग्नाचं विचारलं आणि पुढे तो बाकच नगरपालिकेकडून विकत घेऊन घरच्या बागेत आणला. या जोडप्याला चार मुलं. मार्च 2014 मध्ये बेन गेला आणि थोरला स्टीफन तिसरा व्हायकाउंट स्टॅन्सगेट झाला. त्याने पदवी ठेवली. 1999 च्या सुधारणेनंतर वंशपरंपरागत उमरावांसाठी लॉर्ड्समध्ये 92 जागाच उरल्या होत्या. त्यातली मजूर पक्षाची एक रिकामी झाली आणि 2021 मध्ये स्टीफन तिथे बिनविरोध गेला. धाकटा भाऊ हिलरी तेव्हा त्याच इमारतीत, पण कॉमन्समध्ये, लीड्सचा खासदार म्हणून बसत होता.